न नांगरल्याचे पैसे

५ मार्च

धाकटीस,

तुझा फॉर्म पोचला. सोबत दोन ओळींची चिठ्ठी असेल म्हणून पाकीट दोनदा उलटं करून झटकलं. नव्हती. चार वर्षांत तुझ्याकडून या घराला आलं ते एवढंच. दर मार्चमध्ये एक कागद आणि त्यावर पेन्सिलीची फुली, 'शेजाऱ्याने इथे सही करावी'.

सही केली आहे. 'मी, लगतच्या जमिनीची मालक, लिहून देते की सदर पाणथळ जमीन मागील वर्षभरात नांगरलेली, पेरलेली, खणलेली किंवा पाणी काढून कोरडी केलेली नाही.' तुझ्या जमिनीत तू काहीही केलं नाहीस, याची साक्षीदार मी. बरोबरच आहे म्हणा. माझ्याइतकं ते कुणाला ठाऊक असणार? मी गव्हाला खत टाकते तेव्हा बांधापलीकडे काही चाललेलं नसतं. बटाट्याला माती लावते तेव्हाही काही चाललेलं नसतं. इकडे माझ्या कमरेचा काटा ढिला होतो आणि तिकडे एक बगळा एका पायावर उभा असतो. त्या बगळ्याला सरकार पैसे देतं आणि ते तुझ्या खात्यात जातात.

शेतकी कचेरीच्या भिंतीवर यंदाच्या अनुदानाची यादी लागली. ज्याला जास्त तो वर. तू अकरावी, मी सदतिसावी. दूधवाला माझ्या पुढेच उभा होता. तोच, ज्याचा गोठा तुझ्या पाणथळीच्या पलीकडच्या अंगाला आहे. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बाई, तुमच्या बहिणीने बरं केलं. गाळ घेतला आणि सोनं निघालं." सगळे हसले. मीही हसले. दात दाखवायला काय पैसे पडतात?

माझं यंदा कापलंय. वरून काढलेल्या फोटोत माझी शेड, पाण्याची टाकी आणि विहिरीजवळचं झाड दिसलं, तेवढी जागा वजा. झाडाच्या सावलीचीसुद्धा. शेत करणाऱ्याने सावलीत बसू नये, असा काही नियम असेल.

लिहायचं नव्हतं, पण लिहिते. वाटणीच्या वेळी ते डबकं मीच तुझ्या गळ्यात मारलं, हे मी विसरलेली नाही. "तू शहरात राहणार, तुला पीक काय करायचंय, खालचा तुकडा घे, कागदावर दोन्ही सारखेच आहेत," असं म्हणाले होते. तू भांडशील असं वाटलं होतं. भांडायची तयारी मी आठवडाभर केली होती, उत्तरंसुद्धा पाठ होती. तू नुसतं "बरं" म्हणालीस आणि बसची वेळ विचारलीस. गेलीस ती गेलीसच.

उत्तर पाठवायची गरज नाही.

लगतच्या जमिनीची मालक


१९ एप्रिल

धाकटीस,

उत्तर पाठवू नकोस म्हटलं तर खरंच पाठवलं नाहीस. लहानपणी एवढी आज्ञाधारक नव्हतीस.

हे पत्र कामाचं आहे. कचेरीतून मोजणीवाली येऊन गेली. वय असेल तिशीच्या आत. मांडीपर्यंतचे रबरी बूट, गळ्यात दुर्बीण. तुझ्या जमिनीत पाणी किती, गवत किती, पक्ष्यांची घरटी किती, सगळं लिहून घेतलं. मी बांधावर उभी होते. मला एकच प्रश्न विचारला, "तुमच्या शेतातलं औषध इकडे उडत नाही ना?" माझ्याच बांधावर मला असं विचारलं.

बाकी सगळी माहिती तिला दिली तुझ्या भाऊजींनी. तासभर. कुठल्या जातीच्या पक्ष्याने कुठे अंडी घातली, कुठली जोडी मागच्या वर्षीचीच आहे, कुठे पाय टाकायचा नाही. मी ऐकतच राहिले. लग्नाला बावीस वर्षं झाली. एवढं सलग बोलताना मी ह्यांना एकदाच पाहिलं आहे, दात काढताना भूल दिली होती तेव्हा.

तुला ठाऊक आहे का, हे रोज तिथे जातात ते? सकाळचं काम उरकलं की डबा घेऊन खाली. तुझ्या कुंपणाला तार लावली ती माझ्या गोदामातली. मी म्हटलं, "विचारून तरी न्यायची." तर म्हणाले, "गंजत पडली होती." तार गंजत होती, खरं आहे. पण गंजत पडलेली वस्तूसुद्धा कुणाची तरी असते.

घरजावई म्हणून या घरात आले तेव्हा अण्णांनी ह्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, इथे सकाळी पाचला उठायचं आणि बियाण्याला हात मी सांगेन तेव्हाच लावायचा. ह्यांनी ते ऐकलं. अण्णा गेले, मग मी सांगायला लागले. ह्यांनी तेही ऐकलं. मला वाटायचं स्वभावच गरीब आहे. आता त्या चिखलात गुडघाभर उभं राहून शीळ घालताना बघते आणि वाटतं, हा माणूस आहे कोण? तुझ्या जमिनीत शीळ घालतात. माझ्या जमिनीत तोंड मिटून काम करतात.

तुझं बरं आहे. जमीन आहे आणि कष्ट नाहीत. राखणदार आहे आणि पगार नाही. आयत्या बिळावर नागोबा ऐकलं होतं. इथे तर बीळ मी दिलं आणि नागोबाला दूध सरकार पाजतं.

ताई


११ मे

धाकटीस,

तुझा पहिला फॉर्म कुणी भरला होता?

साधा प्रश्न आहे, साधं उत्तर दे. परवा मी झाडाच्या सावलीची तक्रार घेऊन कचेरीत गेले होते. आपल्या दोघींच्या जमिनीचे नंबर एकापुढे एक. कारकुनाने चुकून तुझी फाइल उघडून माझ्यापुढे ठेवली. चार वर्षांपूर्वीचा कागद सर्वांत खाली होता. सही तुझी, पण बाकीचं अक्षर तुझं नाही. 'ळ' बघितला की मला कळतं. बांगडी पिरगळल्यासारखा 'ळ' या जगात एकच माणूस काढतो. माझ्या घरातली बियाण्याच्या पिशव्यांवरची सगळी नावं त्याच 'ळ'ची आहेत.

म्हणजे माझ्याशी बोलणं तोडून तू गेलीस, आणि माझ्याच नवऱ्याशी तुझं बोलणं चालूच होतं.

मी ह्यांना विचारलेलं नाही. विचारणारही नाही. जेवायला वाढते, पाणी देते. परवापासून एकच गोष्ट डोक्यात फिरते आहे. ते पहिल्यांदा आपल्या घरी पंप दुरुस्त करायला आले तेव्हा दार तू उघडलं होतंस. मी विहिरीवर होते, हातापायाला ग्रीस. नंतर अण्णांकडे स्थळ म्हणून विचारायला आले तेव्हा अण्णांनी मोठीचं नाव सांगितलं आणि ते हो म्हणाले. हो म्हणणारच. मोठीबरोबर जमीन होती. अण्णा तुला 'राणी' म्हणायचे आणि मला 'माझा बैल'. कौतुकानेच म्हणायचे. पण दार उघडणाऱ्या राणीकडे बघून झाल्यावर कुणी बैल मागतं का?

बावीस वर्षांत हे मी कुणाला बोलले नाही. तुला लिहिते आहे, कारण तू समोर नाहीस.

उत्तर दे.

ताई


२६ मे

धाकटीस,

एक वाईट बातमी आहे. कचेरीचं पत्र तुला येईलच, त्याआधी माझ्याकडून कळलेलं बरं.

मंगळवारी दुपारी कुणीतरी तुझ्या पाणथळीत ट्रॅक्टर घातला. आपल्या बांधाच्या कडेने लांबलचक पट्टा नांगरला आहे. गवत उलटं होऊन मातीखाली गेलं. त्या पट्ट्यात सात घरटी होती असं हे म्हणतात. मी मोजली नव्हती.

मी त्या वेळी घरातच होते. हिवाळी कपडे काढून कपाटात नवे कागद घालत होते, म्हणून मला काही ऐकू आलं नाही. पुढची खोली, जिथे तू अभ्यासाला बसायचीस, तिथे होते. जेवणाची वेळ, सगळी माणसं घरात, त्यामुळे कुणी पाहिलं नाही. हे पंपाचे सुटे भाग आणायला सकाळीच बाजाराच्या गावी गेले होते. चारला आले, डबा न ठेवताच खाली गेले, आणि बराच वेळ परत आले नाहीत. शेवटी मी बांधापर्यंत गेले. हे उकिडवे बसले होते आणि हाताने ढेकळं बाजूला करत होते. एकेक ढेकूळ. मी म्हटलं, "चला, चहा झालाय." ह्यांनी वर पाहिलं नाही.

ट्रॅक्टर आत आला तो दूधवाल्याच्या बाजूच्या रस्त्याने. चाकांच्या खुणा स्पष्ट आहेत. दूधवाल्याची त्या गवतावर पहिल्यापासून नजर. "माझ्या गाई उपाशी आणि इथे गवत कुजतंय," हे त्याचं नेहमीचं पालुपद. हे तसेच त्याच्या गोठ्यावर गेले आणि त्याची गचांडी धरली. ज्या माणसाने कधी कुत्र्याला हाड म्हटलं नाही, त्याने. दूधवाला काय ऐकून घेणारा आहे? त्याने ढकललं आणि हे दुधाच्या कॅनवर पडले. पुढचा एक दात गेला. मी कापूस लावला, बर्फ लावला. ओठ सुजला आहे.

मोजणीवाली दुसऱ्याच दिवशी आली. तुझं यंदाचं अनुदान थांबवलं आहे. दूधवाल्यावर चौकशी बसली आहे, आणि त्याच्यावर शाबीत झालं तर त्याच्या गाईंचं अनुदानही तीन वर्षं बंद. माझ्याकडून शेजारी म्हणून लिहून घेतलं. मी लिहून दिलं की मला काही माहीत नाही.

तू काळजी करू नकोस.

ताई


१४ जून

राणी,

तुझं पत्र काल आलं. चार वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. अजून डावीकडे झुकतं.

चार वेळा वाचलं. तू लिहिलंस ते तुलाच परत लिहून दाखवते, म्हणजे मी नीट वाचलं हे तुला कळेल.

तू लिहिलंस की योजनेचा कागद भाऊजींनी आधी मला दाखवला होता. वाटणीच्याही आधी, अण्णा आजारी असताना. 'तो खालचा तुकडा असाच ठेवू, सरकार त्याचे पैसे देणार आहे' असं ते म्हणाले, आणि मी त्या कागदावर गरम पातेलं ठेवलं. मला आठवत नाही. पण मी ठेवलं असेल. त्या दिवसांत मी सगळ्या कागदांवर पातेली ठेवत होते.

तू लिहिलंस की वाटणीनंतर त्यांनी तोच कागद तुला पाठवला. त्याच्या मधोमध गोल डाग होता.

तू लिहिलंस की दोन वर्षांपूर्वी तुझी नोकरी सुटली आणि तू शिवणाचं दुकान टाकलंस, आणि या पैशांतून दुकानाचं भाडं जातं. भाऊजींना ते ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, तू खिडकीत बसून कॉफी पितेस.

आणि दाराचं. तू लिहिलंस, 'ताई, दार मी उघडलं, पण त्या माणसाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. विहिरीकडे बोट करून विचारलं, पंपाला एवढ्या शिव्या घालणारी ती कोण? पुढच्या आठवड्यात पंपाला काही झालं नव्हतं तरी तो पुन्हा आला.' हे तू मला बावीस वर्षांत का नाही सांगितलंस? मी विचारलं नाही म्हणून? लोक न विचारता केवढं तरी सांगतात.

शेवटी एकच ओळ लिहिलीस, 'दूधवाल्याचं काय होणार ते कळव.' आरोप नाही, प्रश्न नाही. तू अशीच. वाटणीच्या वेळी 'बरं' म्हणालीस तशीच.

तर कळवते.

कपाट मी आवरलंच नव्हतं. मंगळवारी हे गेल्यावर मी मक्याच्या शेतात होते. नांगर जोडलेलाच होता. दुपारी सगळी माणसं जेवायला घरी गेली आणि मी एकटी उरले. खाली पाहिलं तर ह्यांची टोपी तुझ्या कुंपणाच्या खांबावर अडकवलेली. विसरून राहिली असेल. माझ्या शेतात ह्यांनी टोपी कधी काढून ठेवली नाही. राणी, तेवढंच झालं, दुसरं काही कारण नव्हतं. मी ट्रॅक्टर वळवला.

आमच्या फाटकातून गेले असते तर खुणा दिसल्या असत्या. म्हणून दूधवाल्याच्या रस्त्याने फिरून गेले. त्याला अडकवायचं मनात नव्हतं, असं मी स्वतःला तीन आठवडे सांगत होते. पण मला वाचायचं होतं, आणि मी वाचले की कुणीतरी अडकणार, एवढं गणित मला येतं.

नांगर आत गेला तेव्हा पक्षी ओरडत उठले. मी थांबले नाही. टोकापर्यंत गेले, वळले, परत आले. मोठ्याने काहीतरी बोलत होते. काय बोलत होते ते मात्र लिहीत नाही.

तू मला काय म्हणायचं ते म्हण. पण भाऊजींना अजून सांगू नकोस. सुनावणी दोन जुलैला आहे. मी तिथे काय करीन ते मला आज ठाऊक नाही.

ताई


३ जुलै

राणी,

काल सुनावणी झाली. सगळं जसं झालं तसं सांगते.

कचेरीतली मागची खोली. लांब टेबल, एक पाय आखूड म्हणून खाली घडी केलेला पुठ्ठा. एका बाजूला साहेब, मोजणीवाली आणि कारकून. समोर दूधवाला आणि त्याची बायको. बायकोने लग्नाला जाताना घालतात तसले कपडे घातले होते आणि पर्स दोन्ही हातांनी धरली होती. मी आणि हे भिंतीकडच्या खुर्च्यांवर, मध्ये एक खुर्ची मोकळी.

साहेब म्हणाले, "खुणा तुमच्या रस्त्याने आत गेल्या आहेत. टायर तुमच्या ट्रॅक्टरचे आहेत तसेच आहेत."

"साहेब, तसले टायर इथे निम्म्या लोकांचे आहेत. एकाच दुकानातून घेतो आम्ही."

"त्या गवतावरून तुमचं भांडण होतं की नाही?"

"होतं. आहे. उद्याही असेल," दूधवाला म्हणाला. "पण साहेब, मला गवत पाहिजे होतं. पाहिजे असलेलं गवत माणूस कापून नेतो. मातीखाली कशाला घालेल? गाईवाला आहे मी, वेडा नाही."

साहेबांना ते पटलं असावं. पण टेबलावर फोटो होते, आणि दुसरं नाव नव्हतं. ते म्हणाले, "तुमच्याकडे साक्षीदार आहे? त्या दुपारी तुम्ही कुठे होतात?"

"घरी. ही होती."

"बायकोची साक्ष धरता येत नाही."

तेव्हा त्याची बायको पहिल्यांदा बोलली. साहेबांशी नाही, माझ्याशी. मान वळवून म्हणाली, "ताई, तुम्ही तर शेजारी. तुम्हाला खरंच काही ऐकू आलं नाही?" तिच्या बोलण्यात संशय अजिबात नव्हता. मी आठवून बघावं एवढंच तिचं म्हणणं होतं. मला कुणीतरी 'ताई' म्हणून एवढ्या भरवशाने विचारावं!

मी उठले. "साहेब, नांगर माझा."

"म्हणजे? कुणी नेला?"

"मी. नांगर आपला आपण जात नाही."

कारकुनाचं लिहिणं थांबलं. मी ह्यांच्याकडे बघितलं नाही. बघायचं नाही असं ठरवूनच उठले होते.

साहेब म्हणाले, "तुम्ही तर लिहून दिलंय की माहीत नाही."

"खोटं लिहून दिलं."

"कशासाठी नांगरलं? मका वाढवायचा होता?"

"नाही."

ते समजूतदार माणूस आहेत. हळू आवाजात म्हणाले, "बाई, बांधाचा अंदाज चुकला, असं झालं असेल. तसं असेल तर दंड कमी बसतो. तसं लिहू?"

"बांधाचा अंदाज कसा चुकेल? त्या बांधावर मी चालायला शिकले."

"मग कारण काय लिहायचं?"

"लिहा, बहिणीचा हेवा वाटला."

कारकुनाने साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "असं कारण फॉर्ममध्ये बसत नाही." शेवटी त्यांनी 'वैयक्तिक' असं लिहिलं. मला ते आवडलं नाही. खरं सांगायला एवढा जीव मुठीत धरून उठावं आणि कागदावर 'वैयक्तिक' यावं. पण सही केली.

दूधवाला सुटला. माझं अनुदान तीन वर्षं बंद, वर दंड. तुझं या वर्षाचं गेलं, ते परत मिळणार नाही. तो दोष माझा, आणि दुकानाचं भाडं मी देणार. 'नको' म्हणू नकोस आणि 'बरं'ही म्हणू नकोस. भांडलीस तरी चालेल. पुढच्या वर्षीपासून तुझं पुन्हा सुरू होईल, पण अट आहे. नांगरलेल्या पट्ट्याला कुणी हात लावायचा नाही, आणि पाण्याची पातळी रोज सकाळी मोजून वहीत लिहायची. त्यासाठी मोजणीवालीने तिथे आकड्यांची पट्टी रोवली आहे. एक दिवस चुकला तरी विचारणा होणार.

बाहेर आल्यावर हे दूधवाल्यापुढे जाऊन उभे राहिले. "माझं चुकलं," म्हणाले. दूधवाला म्हणाला, "दातही तुझाच गेला आणि चूकही तुझीच? मग माझ्या वाट्याला काय आलं?" आणि ह्यांच्या खांद्यावर हात टाकून त्यांना आपल्या गाडीत बसवलं. मी बसने आले.

घरी हे एवढंच म्हणाले, "त्या दिवशी तू मला कापूस लावलास." ओरडले असते तर मी ओरडले असते. माझी तयारी होती.

ताई


९ सप्टेंबर

राणी,

तुझं पत्र आणि भाड्याची पावती मिळाली. निम्मंच भाडं घेतलंस. यावरून आपण पुढच्या पत्रात भांडू.

तू विचारलंस, भाऊजी कसे आहेत. कामाला वेळेवर उठतात. गहू निघाला, पोती भरली. माझ्याशी गरजेपुरतं बोलत होते, पुढे पुढे गरजेपुरतंही नाही. पण मला वाटलं होतं तसं झालं नाही. मला वाटलं होतं, आता तर हे दिवसभर खालीच राहतील. तर ह्यांनी तिथे जाणं सोडलं. सुनावणीच्या दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "पातळी मोजायची आहे." म्हणाले, "माझा पाय पडत नाही तिथे आता." कुंपणावरची तेवढी टोपी घेऊन आले, खुंटीला लावली आणि पंपाच्या खोलीत जाऊन बसले.

म्हणजे बघ, मला पाहिजे होतं तेच झालं. माझा नवरा तुझ्या जमिनीत जात नाही. माझ्या घरात बसतो, भिंतीकडे बघत. एवढं मनासारखं माझं आयुष्यात काही झालं नव्हतं, आणि एवढं वाईट घरही मी कधी बघितलं नव्हतं.

वहीत आकडा तर लिहायचा होता. म्हणून मी जाते. रोज सहाला, ह्यांचे बूट घालून. दोन नंबर मोठे आहेत, चिखलात पाय निघतो आणि बूट राहतो. परवा एका पायावर उभी होते, बगळ्यासारखी, आणि पलीकडे दूधवाल्याची बायको गाई सोडत होती. ती इतकी हसली की एक गाय परत फिरली.

तू म्हणशील, ताईला आता पाणथळ आवडायला लागली. नाही. मला अजून तिथे चिखल, डास आणि वास एवढंच दिसतं. पक्षी मला सगळे सारखेच. नांगरलेल्या पट्ट्यावर गवत यायला लागलंय, पण वेगळ्या रंगाचं. लांबूनही ओळखू येतं. रोज त्याच्याशेजारून जावं लागतं.

आणि हेवा गेला असंही समजू नकोस. तुझ्या पत्रात वाचलं की दुकानात मदतीला एक मुलगी ठेवलीस आणि तुम्ही दोघी दुपारी एकत्र जेवता. लगेच पोटात टोचलं. ते टोचणं माझ्याबरोबर जन्मलंय, माझ्याबरोबरच जाईल. ट्रॅक्टरची किल्ली मात्र मी हल्ली ह्यांच्याकडे देऊन ठेवली आहे.

आज सकाळी आले ती डोक्यापासून पायापर्यंत चिखलाने माखून. पट्टीजवळ घसरले होते. दारातच बूट काढत होते. आत चहा उकळत होता, ह्यांनीच टाकला होता. पाठमोरे उभे होते. मी वही काढली आणि ओल्या हाताने पेन उघडत होते, तेव्हा पाठमोऱ्यानेच विचारलं, "किती?"

दोन महिन्यांत पहिला शब्द, जो मी काही विचारल्याशिवाय आला.

मी म्हटलं, "बेचाळीस."

"काल?"

"चाळीस."

"वाढतंय," ते म्हणाले. चहा दोन कपांत ओतला. मग म्हणाले, "पट्टीच्या उजवीकडून जाऊ नकोस. तिथे खड्डा आहे."

एवढंच. घाईने लिहिते आहे, आत्ता टपाल घ्यायला माणूस येईल. ह्यांनी तुला फोन करायच्या आत हे तुला माझ्याकडून कळलं पाहिजे.

ताई